गुडघा दुखू लागला की नाम घ्यायचं की वेदना बघायची?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय ४४, नोकरी करतात. घरात नामस्मरणाची परंपरा, स्वतः वीस वर्षांपूर्वी गुरुमंत्र घेतलेला. रोज संध्याकाळी एक माळ जप. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मैत्रिणीने आग्रह केला म्हणून दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आणि ते मनापासून आवडलं. तेव्हापासून सकाळी तासभर श्वास आणि संवेदना बघत बसतात. अडचण अशी की सकाळी श्वास बघताना मंत्र आपोआप सुरू होतो आणि संध्याकाळी जप करताना लक्ष नाकपुडीवर जातं. शिबिरात ऐकलं, कायमचा असा ‘मी’ नाहीच. गीतेच्या वर्गात ऐकतात, आत्मा अमर आहे. मोठे दीर म्हणतात, ‘बुद्ध आपलाच, विष्णूचा नववा अवतार. सगळं एकच आहे, उगाच भेद करू नकोस.’ हे वाक्य ते मैत्रिणीसमोर बोलले. मैत्रीण बौद्ध घरातली. त्या दिवसापासून ती जरा तुटक वागते. पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: ‘दोन वर्षं झाली तरी मन कोरं होत नाही, म्हणजे माझी पात्रताच नसावी. यातलं कोणतं धरू आणि कोणतं सोडू? मी दोन्हीकडे फसवणूक करतेय का?’

ताई,

तुमच्या पत्रात चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही चौघांची एकच मोळी बांधलीय. मी ती सोडते आणि तळाच्या ओळीपासून सुरू करते. जाता जाता लिहिलेली ती ओळच मला सगळ्यात जड वाटली.

मन कोरं व्हायला हवं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? शिबिरात सांगितलं नसणार. गुरूंनीही सांगितलं नसणार, नाहीतर हातात माळ कशाला दिली असती? ही समजूत बहुतेक पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या सूत्रातून हवेत पसरलीय: ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’. चित्ताच्या वृत्ती थांबणं म्हणजे योग. पुष्कळ जण योगसूत्रं इथेच मिटून ठेवतात. पण हे मुक्कामाचं वर्णन झालं. ‘ध्यान’ म्हणजे काय, ते तिसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात येतं: ‘तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्’. चित्ताला एका जागी बांधणं ही धारणा, आणि तिथे तीच एक जाणीव अखंड वाहत राहिली की ते ध्यान. म्हणजे ध्यानात मनात काहीतरी असतंच. कोरी पाटी नसते, एकच अक्षर गिरवलेली पाटी असते.

बौद्ध बाजूला तर कोरेपणाचा आग्रह याहून कमी. सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या उपदेशात लक्ष ठेवण्याच्या चार जागा सांगितल्यात: काया, वेदना (म्हणजे सुखदुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म (इथे अर्थ मनात येणारे विषय). तिसऱ्या जागेत काय करायचं? चित्तात आसक्ती असेल तर ‘आसक्ती आहे’ असं जाणायचं. चित्त विखुरलेलं असेल तर ‘विखुरलेलं आहे’ असं जाणायचं. विखुरलं म्हणून खंत करायची, असं तिथे कुठेच नाही. सकाळी बसल्यावर तुमचं मन गॅसचा नंबर लावायचा राहिलाय इथवर जाऊन आलं आणि ते गेल्याचं तुम्हाला कळलं, तर ते ‘कळणं’ हाच त्या बैठकीतला कमावलेला क्षण. तुम्ही नेमका तोच क्षण नापासाच्या खात्यात टाकताय.

आणि पात्रतेचं म्हणाल तर दोन्ही परंपरांनी बसणाऱ्या माणसाच्या अडचणींची यादी आधीच करून ठेवलीय. पतंजलींच्या यादीत नऊ अंतराय म्हणजे अडथळे आहेत. त्यात आळस आहे, संशय आहे, ‘स्त्यान’ म्हणजे मनाचा जडपणा आहे. ‘अलब्धभूमिकत्व’ आहे, म्हणजे पुढची पायरी न सापडणं. ‘अनवस्थितत्व’ही आहे, म्हणजे सापडलेली पायरी निसटणं. बौद्धांची यादी पाच नीवरणांची, म्हणजे मन झाकणाऱ्या अडथळ्यांची, आणि त्यात ‘थीनमिद्ध’ म्हणजे जडपणा आणि झापड आहे. पालीतलं हे थीन म्हणजे संस्कृतातलं स्त्यानच. संशय तिथेही आहे, ‘विचिकिच्छा’ या नावाने. दोन वेगळ्या परंपरांनी एकच डुलकी आणि एकच शंका नोंदवून ठेवलीय. तुमच्यासारखी माणसं समोर बसलेली असल्याशिवाय असल्या याद्या तयार होत नाहीत.

अर्जुनही हेच म्हणाला होता की. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्णाने आसन, आहार, झोप सगळं समजावून सांगितल्यावर तो म्हणतो, मन चंचल आहे, त्याला धरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड वाटतं. कृष्ण ते खोडून काढत नाही. ‘असंशयं’ म्हणतो, शंकाच नाही, मन आवरायला अवघडच आहे. मग उपाय सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. योगसूत्रांत पहिल्या पादाचं बारावं सूत्र याच दोन शब्दांवर उभं आहे.

थोडं विषयांतर करते. ‘ध्यान’ हा शब्द आपण मराठीत कुठे कुठे वापरतो बघा. ध्यान देणं म्हणजे लक्ष देणं. ध्यानात ठेवणं म्हणजे विसरू नये असं ठेवणं. ‘सुंदर ते ध्यान’ म्हणताना ध्यान म्हणजे समोरचं रूप. आणि पोरगं चिखलात लोळून आलं की ‘काय ध्यान दिसतंय!’ तेही रूपच, फक्त सुंदर नाही. यातलं ‘ध्यानात ठेवणं’ मला फार मोलाचं वाटतं. विपश्यनेत जिला ‘सति’ म्हणतात, तिचं संस्कृत रूप स्मृती. आजकाल तिचा अर्थ सजगता असा करतात, तो बरोबरच आहे, पण मूळ धातू आठवण्याचा. काय करायला बसलोय ते न विसरणं. आणि तुमच्या माळेचं नाव काय? नामस्मरण. तिथेही स्मृतीच. हाच ध्यान शब्द पालीत ‘झान’ झाला, चीनमध्ये ‘छान’ आणि जपानमध्ये ‘झेन’.

आता गोंधळाचा प्रश्न. सकाळी मंत्र घुसतो, संध्याकाळी श्वास घुसतो. तुमच्या मनात हिशोब असा दिसतो की श्वास बौद्धांचा आणि नाम हिंदूंचं, म्हणून एकाच्या घरात दुसरं शिरलं की ती चोरी. हा हिशोब तपासून बघा. गीतेच्याच पाचव्या अध्यायात ‘प्राणापानौ समौ कृत्वा नासाभ्यन्तरचारिणौ’ आहे. नाकाच्या आत फिरणारे प्राण आणि अपान सम करून. म्हणजे नाकपुडी गीतेतही आहे. उलट बाजूला बौद्धांमध्ये ‘बुद्धानुस्सति’ आहे, बुद्धाच्या गुणांचं वारंवार स्मरण. पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्यांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात ध्यानाचे ४० विषय सांगितले, त्यात हे स्मरण आहे, मैत्रीभावना आहे, मरणाची आठवण आहे, मातीच्या गोल चकतीकडे बघत बसणंही आहे. श्वास हा त्या चाळिसातला एक. जपानमध्ये तर कोट्यवधी बौद्धांची साधना म्हणजे अमिताभ बुद्धाचं नाव घेणं, आणि तिकडेही हातात माळ असते.

हिंदू बाजूसुद्धा एकसंध नाही. पतंजलींचा योगी पुरुषाला (म्हणजे शुद्ध जाणिवेला) प्रकृतीपासून वेगळं ओळखायला बसतो, आणि त्याच्या शेवटच्या टप्प्याचं नावच कैवल्य, म्हणजे केवळपण. उपनिषदांत याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात, आत्म्याविषयी ऐकावं, मनन करावं, निदिध्यास धरावा. तिथे डोळे मिटून एका बिंदूवर थांबण्यापेक्षा ऐकलेलं सत्य मुरवणं महत्त्वाचं. शंकराचार्य तर ठामपणे सांगतात की मोक्ष ज्ञानाने, उपासना ही त्याची तयारी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचं जे वर्णन आहे ते वाचताना अंगावर काटा येतो, ती नाथपंथाची वाट. आणि त्याच ज्ञानदेवांच्या नावावरचा हरिपाठ सत्तावीस अभंगांत सांगतो की बाकीचं राहू द्या, नाम घ्या. एकाच माणसापाशी दोन वाटा. तेव्हा ‘हिंदू ध्यान विरुद्ध बौद्ध ध्यान’ असा सामना तुमच्या डोक्यात चालू असेल, तर दोन्हीकडे एकेक संघ नाहीच.

दोन्हींत उसनवारीही पुष्कळ झालीय. पतंजली म्हणतात, मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांच्या भावनेने चित्त प्रसन्न होतं. बौद्धांचे चार ब्रह्मविहार हेच, याच नावांचे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा ही पाचाची माळ योगसूत्रांत आहे आणि बौद्धांच्या पाच इंद्रियांतही (इथे इंद्रियं म्हणजे साधकाच्या आतल्या शक्ती) त्याच क्रमाने आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मैत्रीभावना केली असेल, ती योगसूत्रांनाही परकी नाही.

तर मग दीर बरोबरच म्हणाले की? नाही. इथे मला त्यांच्याशी स्पष्ट मतभेद नोंदवायचाय, आणि त्यासाठी तुमच्या गुडघ्याकडे येते.

पत्रात तुम्ही लिहिलंय की पंचवीस मिनिटांनंतर डावा गुडघा ठणकायला लागतो. समजा तो ठणकतोय. पतंजलींना विचारलं तर ते म्हणतील, ‘स्थिरसुखमासनम्’. आसन स्थिर हवं आणि सुखाचंही हवं. बैठक बदला, शरीर विसरता आलं पाहिजे. जप करत असाल तर ठणका एकीकडे आणि माळ एकीकडे. मधल्या बोटावरून मणी अंगठ्याने आत ओढायचा, नाम, पुढचा मणी, नाम. ठणक्याशी भांडायचं नाही, त्याच्याकडे वळूनही बघायचं नाही. मेरुमणी लागला की माळ उलटी फिरवायची आणि पुन्हा चालू. वेदान्त शिकवणारा म्हणेल, हा ठणका कोणाला कळतोय? जो कळतोय तो गुडघा, आणि ज्याला कळतोय तो तू. कळणाऱ्यापाशी थांब, ठणका तुझा नाही.

विपश्यनेत मात्र ठणका हाच पाठ. त्याच्याकडे थेट बघायचं. दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय? ताण आहे, ऊब आहे, मधेच एक कळ. कळ सरकते. मधे क्षणभर काहीच नसतं, पुन्हा येते. तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट बसलेली दिसते, ‘हे नको’ असं म्हणणारी. कळ वेगळी आणि नको वेगळं. दोन्ही येतात, दोन्ही जातात. इथपर्यंत वेदान्ती आणि बौद्ध जवळजवळ हातात हात घालून चालतात. उपनिषद ‘नेति नेति’ म्हणतं, हे नव्हे, हे नव्हे. बुद्धांनी सारनाथला पाच भिक्षूंना अनत्ताचा, म्हणजे ‘आत्मा नव्हे’ असा उपदेश केला, त्यात शरीर, संवेदना, सगळ्यांबद्दल हेच: हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही.

फरक पडतो तो शेवटच्या पावलाला. वेदान्ती म्हणतो, सगळं बाजूला सारल्यावर जो साक्षी उरतो, तो तू, तिथे विसाव. बौद्ध म्हणतो, ‘जाणणं’ हेही क्षणाक्षणाला उपजतंय आणि विझतंय, तिथेही घर करू नकोस. हा फरक शब्दांचा नाही. यावर दोन्हीकडच्या बुद्धिमान माणसांनी हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला, ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. ‘सगळं एकच’ म्हटलं की त्या सगळ्यांना मूर्ख ठरवल्यासारखं होतं.

बुद्धांच्या स्वतःच्या आयुष्यातही ही फाट ध्यानापाशीच पडते. घर सोडल्यावर सिद्धार्थ आळार कालामांकडे गेले, मग उद्दक रामपुत्तांकडे. दोघांनी शिकवलेल्या खोल समाधी त्यांना साधल्या, आळारांनी तर बरोबरीने शिष्य सांभाळायची तयारी दाखवली. सिद्धार्थ तिथून निघाले. समाधीत शांतता होती, पण तिच्याने दुःखाचं मूळ सुटत नव्हतं. मग वर्षानुवर्षांची कडक तपश्चर्या, अंगाचा सापळा, तरीही काही नाही. शेवटी त्यांना लहानपणची एक दुपार आठवली. वडील शेतावर कामात होते, आपण जांभळीच्या सावलीत बसलो होतो आणि मन सहज शांत झालं होतं. त्या सुखाला भ्यायचं काय कारण, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी अन्न घेतलं आणि वाट बदलली. मला ही आठवण फार आवडते, कारण तिच्यात जबरदस्ती नाही. पण तिथे ते थांबले नाहीत. शांत झालेलं मन त्यांनी बघण्याच्या कामाला लावलं. शमथ (मन शांत करणं) आणि विपश्यना (नीट बघणं) हे दोन शब्द शिबिरात तुमच्या कानावर पडले असतील, त्यांचं नातं हे असं.

आत्मा आहे की नाही, हे तुम्हाला लगेच ठरवायचंय. तुमच्यासारखाच एक जण बुद्धांकडे गेला होता, वच्छगोत्त नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी. आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. तो उठून गेला. नंतर आनंद या शिष्याने विचारलं तेव्हा बुद्ध म्हणाले की ‘नाही’ म्हटलं असतं तर तो बिचारा आणखी गोंधळला असता, पूर्वी आत्मा होता तो आता हरवला असं त्याला वाटलं असतं. तुमची सध्याची अवस्था मला अगदी हीच वाटते. गीतेच्या वर्गात मिळालेलं शिबिरात हरवलं आणि शिबिरातलं वर्गात. गीतेतही अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. विचाराला मुदत घातलेली नाही. पंचवीस मिनिटांनी गुडघा दुखणाऱ्या माणसाला त्या शेवटच्या पावलाचा निकाल आज लावायची गरज नाही. ‘हे मला माहीत नाही’ असं मनाशी म्हणून दोन्हीकडे प्रामाणिकपणे बसता येतं. फसवणूक तेव्हा होईल, जेव्हा वर्गात एक आणि शिबिरात दुसरं बोलून तुम्ही दोन्हीकडे माना डोलवाल.

आणखी एक समजूत तुमच्या पत्रभर पसरलीय: जो जास्त बसतो तो जास्त धार्मिक. तासाचा हिशोब, मिनिटांचा हिशोब. पतंजलींच्या आठ अंगांत ध्यान सातवं येतं. बौद्धांच्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सातवी आणि सम्यक समाधी आठवी. दोन्हीकडे आधी बोलणं, वागणं, पोट भरण्याचा धंदा, खरेपणा, दुसऱ्याला न दुखावणं. घरोघरची सामान्य माणसं डोळे मिटून तासतासभर बसतात, हे चित्र बरंचसं अलीकडचं आहे. शतकानुशतकं बहुतेक बौद्ध उपासक पंचशील पाळत, दान देत, वंदना म्हणत. गंभीर ध्यान हा मुख्यतः भिक्षूंचा, त्यातही काही भिक्षूंचा विषय. १८८५ च्या युद्धानंतर ब्रह्मदेश पूर्ण इंग्रजांच्या हाती गेला, धम्माला राजाश्रय उरला नाही. लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारखे भिक्षू तेव्हा गृहस्थांनाच अभ्यास आणि ध्यान शिकवू लागले. त्या परंपरेत पुढे ऊ बा खिन झाले, ते तर सरकारी हिशोबखात्यातले मोठे अधिकारी. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये विपश्यना भारतात आणली. म्हणजे नोकरी सांभाळून बसणाऱ्या तुमच्यासारखीलाही परंपरा आहे, फक्त ती शे-सव्वाशे वर्षांची. जिच्या आजीने आयुष्यभर फक्त नाम घेतलं किंवा फक्त त्रिसरण म्हटलं, तिची साधना त्यामुळे अपुरी ठरत नाही.

आता करायचं काय, ते सांगते. तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून जरा सविस्तर.

एका बैठकीत एकच पद्धत ठेवा. शिबिरात जप, माळ, पूजा तेवढ्यापुरती बाजूला ठेवायला सांगतात, ते तुमच्या मंत्राच्या द्वेषातून नाही. संवेदना बघताना मंत्र चालू राहिला की मन त्याच्यावर झुलू लागतं, गोड लागतं, आणि बघणं राहून जातं. उलटही तेवढंच खरं. सकाळी मंत्र आपोआप उठला तर त्याला हाकलू नका, वीस वर्षांची सवय आहे ती, उठणारच. मनात एक शब्द उठला, एवढं जाणा आणि पुन्हा श्वासावर या. संध्याकाळी श्वास जाणवला तर जाणवू दे, मणी पुढे सरकू दे. ज्या वेळी जे करायला बसलात तिथे परत येणं, एवढाच नेम.

सहा महिने एक साधना मुख्य ठेवा आणि दुसरी छोटी. पतंजली अभ्यासाच्या अटी सांगतात: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. दोन्ही साधना तासतासभर ओढायला गेलात तर खंड पडणारच, आणि मग पुन्हा पात्रतेचं पुराण. मुख्य कोणती ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर, तुमच्या पत्रात विपश्यनेबद्दल लिहिताना कौतुक आहे आणि माळेबद्दल लिहिताना ओलावा आहे. मी ओलाव्याच्या बाजूने जाईन. पण हे माझं मत, तुमचा कौल वेगळा असू शकतो. योगसूत्रांतच ‘यथाभिमतध्यानाद्वा’ आहे, म्हणजे ज्याला जे रुचेल त्याच्या ध्यानानेही.

गुरुमंत्र घेतलाय तर गुरूंशी एकदा बोला. लपवून करताय म्हणून चोरीची भावना येतेय. शिबिराच्या आचार्यांनाही विचारा. दोघांपैकी कोणी ‘आमचंच कर’ म्हणालं तर कारण विचारा. साधना पातळ होते असं म्हणाले तर ते ऐकण्याजोगं आहे. ‘तिकडे गेलीस तर वाईट होईल’ असं म्हणाले तर ती भीती आहे, शिकवण नव्हे.

खुर्चीवर बसा. खरंच. तासाऐवजी पंचवीस मिनिटं बसा. सोण नावाचा भिक्षू चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत साधना करत होता. बुद्धांनी त्याला त्याच्या जुन्या छंदाची आठवण करून दिली: वीणेची तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. गीताही तेच सांगते, फार खाणाऱ्याला योग नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही.

हे इतर वाचकांसाठीही: बसल्यावर भीती वाढत असेल, झोप उडत असेल, आपण आपल्यातच नाही असं वाटत असेल, भास होत असतील, तर ‘जुने संस्कार बाहेर पडताहेत’ असं म्हणून रेटू नका. डोळे उघडा, चाला, बसणं थांबवा, शिकवणाऱ्याला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर ती बंद करायची नाहीत, आणि लांबच्या शिबिराचा अर्ज भरताना ते लपवायचं नाही.

राहिली मैत्रीण. त्या विषयाला हात घालायला तुम्ही कचरताय, पण माझ्या लेखी सगळ्यात आधी करायचं काम तेच. दिरांना वाटतं, बुद्धाला अवतार म्हटलं म्हणजे मान दिला. भागवतात त्या अवताराचं कारण काय दिलंय ते त्यांना एकदा वाचायला सांगा: देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी. म्हणजे ज्याला आपला म्हणायचं, त्याची शिकवण भुलवण्यासाठी होती असंही म्हणायचं. तुमच्या मैत्रिणीच्या घरी हे पक्कं ठाऊक असणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी हीच आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे. ज्या माणसांना देवळाच्या पायरीवरही उभं केलं जात नव्हतं, त्यांनी वेगळी वाट निवडल्यावर ‘तुमची वाट आमचीच’ असं ऐकायला कसं वाटत असेल? बाबासाहेबांच्या मांडणीत धम्म सामाजिक आहे, माणसाने माणसाशी कसं वागावं याचा आहे. त्यामुळे तिच्या घरातल्या थोरांना तुमच्या नाकपुडीपेक्षा दिरांचं वाक्य अधिक धम्माचा विषय वाटलं, तर ते चुकीचं नाही.

ते वाक्य तुमचं नव्हतं. पण ते ऐकून तुम्ही गप्प बसलात, आणि ती तुमच्याकडे बघत होती. तिला ‘माझ्या दिरांना कळत नाही’ असं सांगू नका, त्याने काही होत नाही. ‘मी तेव्हा बोलायला हवं होतं’ एवढंच सांगा. दिरांशी वाद घालायची गरज नाही, पण पुढच्या वेळी ते असं बोलले तर ‘भाऊजी, ते लोक असं मानत नाहीत, आणि आपल्या पुस्तकातही ते कौतुकाने लिहिलेलं नाही’ हे एक वाक्य तुम्हाला नक्की जमेल. उद्या सोमवार आहे. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघा बोलता येतं का, आणि ती काय म्हणाली ते पुढच्या पत्रात लिहा.